कट्यार नव्हे, बिचवा नव्हे

आमच्या देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी एक हत्यार आडवं ठेवलेलं असे, आणि त्याला म्हणायचं काय हे मला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत कुणी धड सांगू शकलं नाही. माझे वडील, आण्णा, त्याला कट्यार म्हणत. आई नुसतं 'देवाचं हत्यार' म्हणे. थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, चारचौघांत असला की 'आमची तलवार' म्हणायचा. पातं जेमतेम दीड वीत, पण सांगताना त्याचा हात खांद्यापर्यंत जायचा. पातं सरळ नव्हतं. पाण्यातून साप जावा तसं वळत गेलेलं आणि मुठीपाशी एकाच बाजूला फाकलेलं. मूठ लाकडाची, पुढं वाकलेली. म्यानाचं तोंड होडीसारखं. दर खंडेनवमीला आई ते चिंच आणि राख लावून काथ्यानं घासायची, मग हळद, कुंकू, तेल. पुढल्या वर्षी पुन्हा चिंच, राख, काथ्या. एवढं घासूनही वळणांच्या खाचांत कुंकवाचा थर साचून त्याचा दगड झाला होता.

बावड्याच्या शिवाराबाहेर आमची वस्ती. मेंढरं आजोबांनीच विकली होती, तीही माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, आणि त्या पैशातून जमीन घेतली होती. तरी आण्णांच्या खांद्यावरची घोंगडी गेली नव्हती आणि उसात पाणी सोडतानासुद्धा ते मेंढरं हाकल्यासारखं तोंडानं 'हर्रर्र' करायचे. पहाटे चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटायचं, विहिरीवरची मोटर वीज आली की घुमायला लागायची आणि गेली की मधेच गप्प व्हायची, आणि ती गप्प झाली की आण्णांचा वीज मंडळावरचा राग सुरू व्हायचा. आण्णा बोलायला लागले की थांबत नसत. बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातात तसाच, कालवण निवून चाललेलं, आणि ते कुठल्या तरी गोष्टीच्या मध्यावर. आई शेवटी म्हणायची, "आधी खावा." त्या घरात मी शेंडेफळ, आणि बारामतीला कॉलेजात जाणारी पहिलीच. इतिहास हा विषय मी घेतला तो आण्णांच्या गोष्टींमुळं, हे कबूल करायला हवं. त्याची फळंही मीच भोगली.

सगळ्यात लाडकी गोष्ट कट्यारीची. आमचा कुणी खापरपणजोबा पेशवाईत एका सरदाराच्या फौजेत होता, त्यानं लढाईत सरदाराचा जीव वाचवला, आणि सरदारानं कमरेची कट्यार काढून त्याच्या हातात दिली. या गोष्टीला मान होता, नुसती करमणूक नव्हती. चैत्रात बिरोबाच्या यात्रेला पालखीपुढं दोन हत्यारं चालत. पहिली आमची कट्यार, तिच्यामागं तात्यांच्या घरची तलवार. तात्या म्हणजे गावातल्या जुन्या घराचे कर्ते, आण्णांच्याच वयाचे. ढोल वाजत, भंडारा उधळला जाई, आणि त्या पिवळ्या धुरळ्यात सगळ्यांत पुढं आमचा दादा छाती काढून चाले. लहानपणी मला वाटायचं, जगात यापेक्षा मोठं काही नाही.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा तात्यांनी देवळासमोर नवा मंडप बांधून घेतला, आणि मंडप झाल्यावर भर बैठकीत विषय काढला. म्हणाले, आमची तलवार गावाची, चार पिढ्यांना माहीत आहे. यांचं घराणं तर आमच्या डोळ्यांदेखत गावात आलं. मग यांची कट्यार आधी का? आण्णांनी पेशवाई सांगितली. तात्यांनी शांतपणे विचारलं, कोणता सरदार, कोणती लढाई. आण्णा गडबडले आणि आवाज चढवून बसले. वाद वाढला. शेवटी पंचांनी ठरवलं की यात्रेला दोन महिने आहेत, तोवर एखाद्या जाणत्या माणसाकडून हत्यार कुठलं आणि किती जुनं हे लिहून आणावं, आणि ते बैठकीत वाचावं. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी बायकांच्यात मागं बसले होते. इतिहास शिकते ना पोरगी, मग तिला काय अवघड! घरी आल्यावर आण्णा म्हणाले, "एवढा मान राख नंदे. मग जा पुण्याला, काय शिकायचं ते शीक." मला एम.ए.ला पुण्याला जायचं होतं आणि दादाचा विरोध होता. त्यामुळं मी हो म्हटलं. मला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

आईनं हत्यार आण्णांच्या जुन्या धोतरात गुंडाळलं, वर दोन लिंबं आणि एक हिरवी बांगडी ठेवली, आणि देव बाहेर निघालाय म्हणून दोन दिवस घरात कांदा चिरला नाही. ते गाठोडं घेऊन मी इंदापूरला एस.टी. बदलून बारामतीला आले. हॉस्टेलच्या रेक्टरबाईंना सांगितलं, देवाचं आहे. त्यांनी पाया पडून घेतलं आणि उघडायला लावलं नाही, एवढं एकच काम या प्रकरणात सरळ झालं.

आमच्या कॉलेजच्या सरांनी धोतराची एक घडी उलगडल्याबरोबर सांगितलं, बिचवा. पातं वळणाचं म्हणजे बिचवा, पुढचं बघायची गरज नाही. मी पुस्तकातलं चित्र नेलं होतं; बिचव्याची मूठ लोखंडी कड्यासारखी असते, यात बोटं घालायला काहीच नाही, मूठ लाकडाची आहे, असं मी म्हणाले. सर म्हणाले, मूठ नंतर बदलली असेल, आणि तुम्ही परीक्षेचं बघा. लिहून द्या म्हटलं तर म्हणाले, लिहून देणं आमच्या अधिकारात येत नाही. सांगणं येतं, लिहिणं येत नाही. पुढच्या आठवड्यात पुण्यातल्या एका पेठेत जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले. मालक म्हणाले अफगाणी, आणि लगेच विचारलं, कितीला द्यायचं? मी विकायचं नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग अफगाणी नसेलही. दोन आठवडे गेले. आण्णांचं रोज कॉलेजच्या फोनवर विचारणं: झालं का? फोन ऑफिसातल्या शिपायाच्या टेबलावर. त्यानंही विचारायला सुरुवात केली, झालं का? आता भाच्यानं मोबाइलवर फोटो काढून कुणाला पाठवला की पाच मिनिटांत नाव येतं. मी तेव्हा एका नावासाठी अकरा वेळा एस.टी.त बसले, आणि दर वेळी त्या गाठोड्याला मांडीवर जागा दिली.

शेवटी पुण्यातल्या एका संग्रहालयात लेले बाई भेटल्या. साठीच्या असतील, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि पाव तास हत्यार उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाल्या, यावरचं कुंकू काढावं लागेल. मी म्हटलं, देवाचं आहे. त्या म्हणाल्या, मग तुम्ही घरी घेऊन जा. मी गाठोडं पुन्हा बांधायला घेतलं आणि मग हो म्हटलं. त्यांना लिंबं हवी होती. आईनं ठेवलेली दोन लिंबं सुकून सुरकुतली होती, तीच कापली. बाईंनी पातं लिंबानं चोळलं, पाण्यानं धुतलं, कापडानं टिपलं, पुन्हा चोळलं. हे दरवर्षी कोण घासतं, त्यांनी विचारलं. मी चिंच, राख आणि काथ्या सांगितला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी मूठ धरून हलकेच पिळली आणि ती पात्यापासून सुटून त्यांच्या हातात आली. मला वाटलं, माझ्या देखत यांनी देव मोडला. पण बाई म्हणाल्या, ही अशीच निघते, खिळा नसतोच, आतल्या दांड्याला चिंधी गुंडाळून मूठ घट्ट बसवतात. दांड्यावर खरंच चिंधी होती. तपकिरी आणि निळी, बारीक फुलांची. असलं कापड मी आमच्या कुठल्याही बाजारात पाहिलं नव्हतं.

बाईंनी वळणं मोजायला लावली. अकरा भरली. नेहमी विषमच असतात, त्या म्हणाल्या. मुठीपाशी फाकलेला भाग पात्याचा नव्हता, वेगळा तुकडा घडवून बसवला होता. आणि कुंकवाखालून, काळसर लोखंडात, पांढऱ्या रेघांची नक्षी वर आली होती, नदीकाठच्या वाळूवर पाणी ओसरल्यावर राहते तशी. वीस वर्षं मी या वस्तूच्या पाया पडत होते आणि ती नक्षी मी पहिल्यांदाच बघत होते. बाई म्हणाल्या, "हे जाव्याचं आहे. तिकडं याला क्रिस म्हणतात. यात आपल्याकडचं काही असेल तर ते कुंकू." मी वय विचारलं. त्या म्हणाल्या, या पांढऱ्या रेघा निकेलच्या आहेत, आणि निकेल इतकं भरपूर आणि इतकं स्वच्छ तिकडच्या लोहारांना मिळायला लागलं ते युरोपातून विकत यायला लागल्यावर. तेव्हा पातं शंभर वर्षांच्या आतलं असावं. मूठ आणि म्यान कदाचित त्याहूनही नवं. असावं, कदाचित, शक्यता आहे. मी म्हटलं, बाई, नक्की काही सांगा. त्या म्हणाल्या, जेवढं दिसतं तेवढंच लिहीन. आणि तसंच, तोलून तोलून, त्यांनी एक पानभर लिहून दिलं. शेवटी विचारलं, तुमच्या घरचं कुणी जाव्याला गेलं होतं का? मी म्हटलं, आमच्या घरचं कुणी फलटणच्या पुढं गेलेलं नाही. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं काय पिकतं? ऊस, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, जाव्यातही.

परतीच्या गाडीत ते वाक्य डोक्यात राहिलं. आजोबा तरुणपणी कळंबजवळच्या कंपनीच्या ऊसमळ्यावर कामाला होते, हे मला माहीत होतं. तिथं त्यांनी जाव्याहून आलेलं उसाचं बेणं लावलं होतं, हे आण्णांनी दहा वेळा सांगितलं होतं, ते ऊस कसे जाड होते आणि कसे गोड होते हेही. आणि त्या गोष्टीला या हत्याराशी जोडायचं मला कधी सुचलं नव्हतं, इतिहासाची विद्यार्थिनी मी! घरी गेले तेव्हा आण्णा रानात होते. आईला पत्र वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. म्हणाली, कळंबच्या हुसेनचाचांना विचार, ते आजोबांबरोबर मळ्यावर होते. आणि मी जायला उठले तेव्हा म्हणाली, आण्णांना आत्ताच सांगू नको.

हुसेनचाचा ऐंशीच्या पुढचे, दारात बाजेवर बसलेले, ऐकू कमी येत असलेले. मी म्यान हातात दिलं तर त्यांनी ते नाकाला लावलं. हसले. म्हणाले, "ह्ये कर्तारामचं. तुला कुठनं घावलं?" मग त्यांनी जे सांगितलं ते असं. बेण्याबरोबर एक गोरा साहेब आला होता आणि त्याच्या हाताखाली जाव्याचा एक मुकादम. त्याचं नाव कर्तो का कायसं होतं, माणसांनी त्याचा कर्ताराम केला. आपल्या माणसांसारखाच सावळा, बुटका, हसरा. ऊस कसा लावायचा ते हातांनी दाखवायचा, कारण बोली कुणाला कळायची नाही. एका पावसाळ्यात त्याला हिवताप झाला. साहेब पुण्याला निघून गेला होता. आजोबांनी त्याला आपल्या खोपटात आणून ठेवला, महिनाभर शेळीचं दूध पाजलं, आणि तो उठला. परत जाताना त्यानं कमरेचं हे काढून आजोबांच्या हातात दिलं आणि खूप रडला. चाचा म्हणाले, आपल्या मुलाला द्यावं तसं दिलं. मग माझ्याकडं बघून पुढं म्हणाले, "तुझ्या बापाला इचार की. सा-सात वर्साचा व्हता. कर्तारामच्या खांद्यावरनं उतरायचा न्हाय."

कळंबहून बावड्यापर्यंत माझ्या डोक्यात एवढंच होतं: आण्णांना माहीत होतं. सरांच्या दारात मला उभं केलं, दुकानात उभं केलं, रोज फोन केला, आणि यांना पहिल्यापासून माहीत होतं. आण्णा बांधावर बसून खुरपं घासत होते. मी उभ्या उभ्या सगळं बोलले, पत्रासकट. दोन महिने मला कशाला हिंडवलं, ते विचारलं. हे मी बैठकीत जसंच्या तसं वाचणार, तेही सांगितलं. माझा आवाज एवढा चढला होता की शेजारच्या वावरातली माणसं बघायला लागली. आण्णा खुरपं घासत राहिले. मग ते खाली ठेवलं.

"आमी हितं आलो तवा उपरी व्हतो," ते म्हणाले. "पालखी निघाली का आमी मागं, धुरळ्यात. एका साली मी ह्ये कमरंला लावून गेलो. कुणीतरी इचारलं, कुणाची रं? मी इस वर्साचा पोरगा. कुणी जाव्याच्या मजुरानं दिली म्हणायची लाज वाटली. म्हणलं, पेशवाईतली हाय. एकदाच बोललो, नंदे. मग लोकच बोलाय लागलं. मी निस्तं न्हाय म्हणालो न्हाय."

ते पुढंही बोलले, पण आता माझ्याशी नाही, उसाकडं बघून. "पर त्यापायी कर्तारामचं नाव घ्यायची चोरी झाली. त्येच्या अंगाला लवंगंचा वास यायचा. लवंग घातलेल्या इड्या वडायचा. चाळीस वर्सं झाली, ह्ये मी तुझ्या आईलाबी सांगितल्यालं न्हाय."

मला तोपर्यंत वाटत होतं की माझा राग पुष्कळ दिवस पुरेल. तो त्या बांधावरच निम्मा संपला, आणि त्याचाही मला राग आला. त्यांनी मला खोटं वाच म्हटलं नाही, खरं वाच असंही म्हटलं नाही. बैठकीच्या दिवसापर्यंत त्यांनी त्या विषयावर तोंड उघडलं नाही. आण्णा गप्प असणं हे आमच्या घराला सवयीचं नव्हतं. जेवताना भांड्यांचे आवाज ऐकू यायचे. दादाला मी सांगितलं होतं. तो म्हणाला, असलं वाचायचं असेल तर पुन्हा या घरात पाऊल ठेवू नको, आणि शिकवलं म्हणून हे दिवस बघतोय.

बैठक नव्या मंडपात झाली. तात्या पुढं बसले होते. मी पत्र घेऊन उभी राहिले आणि पहिली ओळ वाचली, 'प्रस्तुत शस्त्र हे जावा बेटावरील असावे'. तेवढ्यात आण्णा उठले. म्हणाले, पोरीला बसू द्या, मी सांगतो. आणि त्यांनी सांगितलं. सरदार नाही, लढाई नाही, पेशवाई नाही, मी रचलं. मग त्यांनी कर्ताराम सांगितला, खांद्यावर बसवून उसाच्या सऱ्यांतून पळणारा, तापात आपल्या बोलीत आईला हाका मारणारा, लवंगेच्या विड्या ओढणारा. मंडपात कुणी हसलं नाही. शेवटी म्हणाले, "कट्यार न्हाय ही. माझ्या बानं एका माणसाला जगीवलं, त्येची खूण हाय. आता कुठं चालवायची ती तुमी सांगा, तितं चालवतो."

तात्या मांडीवर हात चोळत बसले. त्यांना वादाची तयारी होती, याची नव्हती. पंचांनी निकाल दिला तो अपेक्षेप्रमाणंच होता: तलवार पुढं, हे हत्यार मागं. आमचा मान गेला, आणि तो परत आला नाही. दादा त्या यात्रेत चालला नाही आणि माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलला नाही. आण्णा स्वतः चालले, पालखीच्याही मागं, भंडाऱ्यानं डोळे भरलेले, क्रिस कमरेला. क्रिस हा शब्द त्यांनी जन्मभर उच्चारला नाही. जूनमध्ये त्यांनीच मला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. लेले बाईंनी ती वस्तू संग्रहालयासाठी मागितली, आण्णा नाही म्हणाले. बाईंनी निदान घासू तरी नका म्हणून दुसरं पत्र पाठवलं. मी ते आईला दोनदा वाचून दाखवलं. तिनं दोन्ही वेळा मान डोलावली आणि त्या खंडेनवमीला चिंच भिजत घातली.

आता मी शाळेत इतिहास शिकवते, निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत, आणि मुलांना सांगते की पुराव्याशिवाय काही मानू नका. हे सांगताना मला आण्णा आठवतात, कारण त्यांनी मला त्यानंतर पुढची पंधरा वर्षं सुखानं जगू दिलं नाही. एकदा चोरी सुटल्यावर ते कर्तारामचं नाव घ्यायचे थांबेनात. येणाऱ्या प्रत्येकाला, सोयऱ्याला, दूधवाल्याला, वीज मंडळाच्या माणसाला. दर खेपेला थोडी भर. बुटका कर्ताराम आधी मध्यम झाला, मग उंच. मग त्याला वाघ मारता येऊ लागला. शेवटच्या आजारपणात मी सुट्टी काढून घरी होते, तेव्हा डॉक्टरांना ते सांगत होते की कर्ताराम हा जाव्याच्या राजाचा सख्खा पुतण्या, रुसून घर सोडून आलेला. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, आण्णा, हे तुम्ही आत्ता रचलंत. मजूर होता तो, मुकादम होता, चाचांनी मला सांगितलंय, लेले बाईंचं पत्र आहे. त्यांनी उशीवरून मान वळवली आणि जरा रागानंच माझ्याकडं पाहिलं.

"तू व्हतीस का तवा तितं?" ते म्हणाले, आणि डॉक्टरांकडं वळून पुढचं सांगायला लागले.